दोन किशन लिंबाजी

बरकतपुरा, हैदराबाद
९ जून २०२५

चि. निशिगंधास,
सप्रेम जयभीम.

ईमेलनं पाठवत असलो तरी हे पत्र आहे, पत्रासारखं वाच आणि पत्रासारखंच उत्तर दे. मोबाईलवर तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितेस, ते मी वाचत नाही. विहारातल्या रविवारच्या वर्गात तुला बाराखडी गिरवायला लावली ती काय यासाठी?

आता मुद्द्याचं. तुमच्या कंपनीला झालंय तरी काय? गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर तुमचा तो प्रोग्राम लिहिणारा ‘जोडी’ ओळखूच येईना. नवीन अपडेट म्हणे. उजवीकडची बटणं डावीकडे, डावीकडची गायब. मराठी नावांत मध्येच चौकोन दिसतात, वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. आणि बोलतो किती. आधी सांगितलेलं करायचा आणि गप्प बसायचा. आता म्हणतो, ‘वा, फार छान प्रश्न विचारलात.’ मी प्रश्न विचारलाच नव्हता, भालेरावांच्या सुनेचं नाव दुरुस्त कर म्हटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तूच हा माझ्या कॉम्प्युटरवर बसवून दिलास. म्हणालीस, ‘मामा, काय पाहिजे ते मराठीत सांगा, प्रोग्राम हा लिहील.’ तेवढ्या एका वाक्यावर चौतीस वर्षं स्टेशन मास्तरकी केलेला माणूस साठी उलटल्यावर प्रोग्राम करायला बसला. आपल्या मराठवाड्यातून इथं आलेल्या एकशे बेचाळीस घरांच्या वंशावळी मी त्यात बसवल्या. कुणाच्या पोराला जातीचा दाखला काढायचा असला की बापापासून पणजापर्यंतची साखळी आणि प्रत्येकाचा पुरावा एका कागदावर छापून निघतो. लोक मला आता मास्तर म्हणत नाहीत, इंजिनियर म्हणतात. मीही नाही म्हणत नाही.

बाकी सगळं सोसलं असतं, पण त्यानं विचारणं बंद केलंय, त्याचं काय करू? आधी तो जुनं तांबड्यात आणि नवं हिरव्यात दाखवायचा आणि विचारायचा, ‘मंजूर?’ मी हो म्हटल्याशिवाय एका अक्षराला हात लावायचा नाही. आमच्या रेल्वेची रीत हीच. पुढच्या स्टेशनानं नंबर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि दिलेला नंबर आपण परत वाचून दाखवायचा. चौतीस वर्षांत न वाचता मी एक गाडी सोडली नाही. आता हा गडी परस्पर सगळं उरकतो आणि शेवटी म्हणतो, ‘काम झालं.’ कायकू बाबा, तुला कुणी सांगितलं होतं? हे कोणत्या शहाण्यानं ठरवलं ते मला कळव.

नामपल्लीच्या किशन सोनकांबळेची शिवानी तुला आठवत असेल. पोरीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, आणि जागा मिळेल एवढे मार्कही पडलेत. फक्त दाखला जुलैच्या मध्यापर्यंत हातात पाहिजे. पन्नास सालाच्या आधीपासून घराणं इथलंच आहे असं दाखवावं लागतं. तिच्या पणजाचा चव्वेचाळीस सालचा रेल्वेच्या हजेरीपटाचा उतारा मीच धूळ खात हिंडून मिळवला होता. उद्या तिची वंशावळ छापून देतोय.

मामी विचारते, बेंगळुरात ज्वारीची भाकरी मिळते का, की तू नुसती इडलीवरच आहेस.

तुझा,
श्रीपतीमामा


बेंगळुरू
१२ जून २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरांवर बोट ठेवून, दुसऱ्यांदा हसत. माझं मराठी वाचून तुम्हीही हसा, पण मागच्या वेळेसारखं तांबड्या पेननं दुरुस्त करून फोटो पाठवू नका.

मामा, माझं कामच सध्या हे आहे. लोकांच्या तक्रारी वाचायच्या, त्यांचे गठ्ठे करायचे आणि लोक कशावर चिडलेत ते वरच्यांना सांगायचं. गेल्या गुरुवारपासून रोज तीनशे येतात. एका गृहस्थांनी लिहिलंय की जोडी त्यांच्या नव्या जावयासारखा वागतो, घरात येतो आणि न विचारता सामान हलवतो. एका मुलीचं तीन आठवड्यांचं काम त्यानं ‘सुंदर’ करून टाकलं आणि आता ते चालतच नाही. तुमच्या चौकोनांची तक्रार मी स्वतः लिहून दिली आहे. तेलुगूवाल्यांनाही तेच चौकोन दिसतायत, त्यामुळे लवकर दुरुस्त होईल.

विचारणं परत आणता येतं. वरच्या दातेरी चाकाच्या चित्रावर दाबा, तिथं ‘वागणूक’ असं असेल, त्यात ‘प्रत्येक बदल विचारून कर’ हे निवडा.

कोणी ठरवलं म्हणून विचारलंत. काय सांगू, वरचे लोक म्हणाले की लोकांना सारखं विचारलेलं आवडत नाही. मीटिंगा झाल्या आणि ठरलं. मोठ्या कंपनीत कुठली गोष्ट नक्की कोणाच्या डोक्यातून निघाली हे कळतच नाही.

शिवानीला माझ्याकडून ऑल द बेस्ट. लहानपणी ती आमच्या गल्लीतल्या शेळीला पट्टी बांधायची, ते आठवतंय.

भाकरी मिळते, पण मामीसारखी नाही.

तुमची,
निशी


बरकतपुरा, हैदराबाद
२० जून २०२५

चि. निशी,

घात झाला. शिवानीचा अर्ज परवा परत आला.

मी तिच्यासोबत कचेरीत गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी वंशावळ वाचली, परत वाचली, आणि पोरीला विचारलं, ‘तुझा बाप तुझ्या आजोबाचा बाप कसा गं?’ रांगेतले लोक हसले. शिवानी माझ्याकडे बघत राहिली. मला आधी काही उमगलंच नाही.

मग कागद हातात घेतला. आपल्यात नातवाला आजाचं नाव ठेवतात, तुला माहीत आहे. शिवानीचा बाप किशन लिंबाजी. त्याचा बाप लिंबाजी किशन. आणि त्याचा बाप परत किशन लिंबाजी. म्हणजे एका घरात दोन किशन लिंबाजी, एक आज टपाल खात्यात नोकरीला आहे आणि दुसऱ्याला जाऊन पन्नास वर्षं झाली. तुमच्या जोडीनं दोघांना एकच माणूस धरलं आणि म्हाताऱ्याला पुसून टाकलं. चव्वेचाळीस सालच्या हजेरीपटाचा उतारा आता ज्या किशनच्या नावावर चिकटलाय तो जन्मला अठ्ठ्याहत्तर साली. त्यांनी अर्जावर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारलाय. ज्या म्हाताऱ्याच्या जिवावर घराणं इथलं ठरणार होतं, तोच साखळीतून गेला.

तू म्हणशील, कागद देताना बघितला कामून नाही? बघितला. वर किशन, मग लिंबाजी, मग किशन. असंच तर असतं. नावं बरोबर होती, साल चुकलं होतं, आणि सालाच्या जागी अर्धे चौकोन होते.

अपील करता येतं. सात जुलैला सुनावणी आहे, त्या दिवशी सगळे कागद नव्यानं लावायचे. पंधराच्या सुमाराला निकाल लागेल आणि सोळाला कॉलेजात दाखला दाखवायचा. त्यानंतर जागा पुढच्याला जाते. ती पोर दोन दिवस जेवलेली नाही.

जोडीत आजवर काय काय बदललं त्याचा सगळा इतिहास असतो म्हणतात. ती फाईल सोबत जोडली आहे, कंपनीत दाखव. आणि तो ‘मंजूर?’ कोणत्या गाढवानं काढला त्याचं नाव मला पाहिजे. येत्या रविवारी विहारात सगळ्यांपुढे सांगणार आहे की ही अपडेटची करणी आहे, आमच्या हातून चूक झालेली नाही.

श्रीपतीमामा


बेंगळुरू
२४ जून २०२५

मामा,

ते गाढव मी आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मीटिंगा झाल्या हे खरं, पण त्या मीटिंगांत कागद माझा होता. डिसेंबरात मी महिनाभर आकडे काढले. शंभरातले सत्त्याण्णव लोक ‘मंजूर’ दाबतात, आणि बहुतेक जण दोन सेकंदांच्या आत. दोन सेकंदांत कोण काय वाचणार? मी लिहिलं की जो प्रश्न कुणी वाचत नाही तो विचारून लोकांचा वेळ खायचा कशाला. साहेबांना पटलं. माझं कौतुक झालं, बढती मिळाली. आईनं पेढे वाटले ते त्याचेच, तुमच्या घरीही आले होते.

उरलेल्या तिघांचा मी विचार केला नाही. तुमच्यासारखी वाचणारी माणसं असतात हे मला माहीत असायला हवं होतं, मी तर तुमच्या हाताखाली वाचायला शिकले. शितावरून भाताची परीक्षा करतात, मी भातावरून शिताची केली.

तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. फाईल मिळाली आहे, अजून उघडली नाही. उघडायची भीती वाटते. शिवानीला काय तोंड दाखवू ते कळत नाही.

मला क्षमा करा म्हणणार नाही, पण अपिलासाठी जे लागेल ते सांगा.

निशी


बरकतपुरा, हैदराबाद
२७ जून २०२५

निशिगंधा,

पत्र पोचलं.

रविवारी विहारात मी बोललो तेव्हा ते अजून यायचं होतं. तुझी आई तिसऱ्या रांगेत बसली होती. मी म्हणालो, ज्यानं कुणी हे केलं त्याला आपल्या माणसांची नावं कशी असतात हे ठाऊक नाही. माझ्या बहिणीनं, त्रिवेणीनं, मान डोलावली. काल सिकंदराबादला जाऊन तिला खरं सांगितलं. ती आत जाऊन भांडी घासत बसली. आपलेच दात, आपलेच ओठ.

मला राग चुकीचा नाही आला. चुकी कोण करत नाही. राग याचा आला की तू मला विचारलं नाहीस. इतके आकडे गोळा केलेस, एक फोन करून ‘मामा, तुम्ही वाचता का हो?’ एवढं विचारायला किती वेळ लागला असता? मी सांगितलं असतं. मी तुझ्या सत्त्याण्णवांतला नाही. मी त्या तिघांतला आहे. सगळ्या नोकरीत मी तेवढंच केलं, दुसरं मला काही येत नव्हतं.

शिवानी काल आली होती. तिनं विचारलं, ‘आजोबा, अपिलात नक्की होईल ना?’ मी हो म्हटलंय.

श्रीपती हनवते
निवृत्त स्टेशन मास्तर


बेंगळुरू
२९ जून २०२५

मामा,

आज रविवार. सकाळी धीर करून तुमची फाईल उघडली.

म्हातारे किशन लिंबाजी पाच जूनच्या अपडेटनंतर गेलेले नाहीत. ते दोन जूनला गेलेत, सोमवारी, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी, जुन्या जोडीत. तुम्ही त्याला म्हणालात, ‘यादी नीटनेटकी कर.’ त्यानं यादी तपासली आणि तुम्हाला विचारलं, ‘एकाच नावाच्या दुहेरी नोंदी सापडल्या, एकूण एकतीस. प्रत्येकातली एक काढू? मंजूर?’ खाली एकतीस नावं तांबड्यात होती. सोनकांबळ्यांचं चौदावं होतं. तुम्ही ‘मंजूर’ दाबलंत, एका सेकंदात.

मी मागचं सगळं बघितलं. सुरुवातीचं वर्षभर तुम्ही खरंच वाचत होतात. एकेका बदलाला चार-चार मिनिटं, आणि नामंजूरही पुष्कळ. मग हळूहळू कमी होत गेलं. मार्चपासून चारशे बारा वेळा विचारलं, आणि चारशे बारा वेळा तुम्ही बघितल्याबरोबर हो म्हटलंत.

मामा, तुम्ही सत्त्याण्णवांतलेच आहात.

खरं सांगू, वाचल्यावर आधी मला हलकं वाटलं. चार दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि तुम्ही पत्राखाली सही केलीत ती जणू मी कुणी परकी आहे. मनात आलं, आत्ताच्या आत्ता फाईल पाठवावी आणि म्हणावं, घ्या, वाचून दाखवा. मग तुमचं ते वाक्य आठवलं, दुसरं मला काही येत नव्हतं. ज्या माणसानं मला अक्षर शिकवलं त्याला मी हे कसं

(हे पत्र पाठवलं नाही.)


बेंगळुरू
२९ जून २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

फाईल बघितली. चूक आमच्याकडचीच आहे, तुमचा काही दोष नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अपिलासाठी शिवानीची वंशावळ पुन्हा नव्यानं काढून लावा, म्हणजे झालं. कंपनीकडून चूक मान्य केल्याचं पत्र मिळतंय का ते बघते.

माझ्यावर रागावलात ते बरोबरच आहे. पण बोलणं बंद करू नका.

तुमची,
निशी


बरकतपुरा, हैदराबाद
८ जुलै २०२५

चि. निशीस,
सप्रेम जयभीम.

काल सुनावणी झाली. डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून आज तुला लिहायला बसलो.

मी केलं काय ते ऐक. म्हटलं, अपडेटनं बिघडवलेल्या यादीला हातच लावायला नको. माझ्याकडे दर बुधवारी यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवायची सवय आहे. चार जूनची प्रत मिळाली, म्हणजे अपडेटच्या बरोबर आदल्या दिवशीची. म्हटलं, वाचलो. त्यातूनच शिवानीची वंशावळ छापली, हजेरीपटाचा उतारा लावला, आणि बंद पाकिटात अपिलाला जोडली. वर तुझं नाव न घेता एक अर्ज लिहिला की आधीच्या कागदातली चूक कॉम्प्युटरच्या अपडेटमुळे झाली, सोबतची प्रत त्याच्या आधीची असल्यानं ती निर्दोष आहे. खाली सही, निवृत्त स्टेशन मास्तर. साहेबांनी अर्ज वाचला, बरा माणूस वाटला. म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही लिहून देताय तर बघतो, कागद ठेवून जा.’ आता मंगळवारी निकाल.

शिवानी बाहेर आल्यावर पाया पडायला लागली. मी म्हटलं, नक्को, आपल्यात पाया पडत नाहीत, जयभीम घाल. तिथून दोघं नामपल्ली स्टेशनासमोर चहा प्यायलो आणि तिनं मला गाईला किती पोटं असतात ते समजावून सांगितलं. चार असतात म्हणे. मला या वयात कळलं.

मागच्या पत्रात मी तुला जरा जास्तच बोललो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू चूक कबूल केलीस, पुढच्या पत्रातही सगळा दोष आपल्यावर घेतलास. एवढं मोठेपण आमच्या खात्यातल्या बड्या साहेबांत बघितलं नाही. मामीनं जवसाची चटणी करून ठेवलीय, त्रिवेणीकडे कोणी येणारं-जाणारं असलं की पाठवते.

तुझा,
श्रीपतीमामा


बेंगळुरू
९ जुलै २०२५

मामा,

सकाळी तुमचं पत्र वाचलं. म्हणून लगेच फोन केला. फोनवर एवढंच सांगू शकले की चार जूनच्या प्रतीतही म्हातारे किशन लिंबाजी नाहीत, ती प्रतही बिघडलेली आहे, आत्ताच्या आत्ता कचेरीत जा. तुम्ही विचारत होतात, ‘पण अपडेट पाचला आलं, मग हे कसं?’ मी म्हटलं, मागून सांगते. आता सांगते.

सोबत एक पत्र आहे. एकोणतीस जूनला लिहिलं होतं, अर्धवट राहिलं आणि पाठवलं नाही. तुमच्या हातात पडलं ते त्यानंतर लिहिलेलं दुसरं. आधी सोबतचं वाचा.

मला वाटलं होतं, तुम्ही वंशावळ काढताना एकेक माणूस हातानं तपासाल, आणि म्हातारा परत जागेवर बसवाल. कधी गेला आणि कोणाच्या हातून गेला हे कळायची गरजच पडणार नाही, असा मी हिशेब केला. तुम्ही आदल्या दिवशीची प्रत काढाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तुम्ही ती तपासणार तरी का? मीच तर लिहिलं होतं की तुमचा दोष नाही.

तुम्हाला जपायला गेले असं मी स्वतःला सांगत होते. तसं पूर्ण खरं नाही. तुम्हाला ते सांगताना तुमचा आवाज कसा होईल, ते मला ऐकायचं नव्हतं. मी मला जपलं. डिसेंबरात आकडे काढले तेव्हा मी तुम्हाला विचारलं नाही, आणि जूनमध्ये आकडे समोर आले तेव्हा सांगितलं नाही.

कचेरीत काय झालं ते कळवा. मी शुक्रवारच्या गाडीनं येऊ का? यायला तोंड नाही, पण तुम्ही म्हणालात तर येते.

निशी


बरकतपुरा, हैदराबाद
१९ जुलै २०२५

चि. निशी,
जयभीम.

दहा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, हात चालत नव्हता.

तुझा फोन आला तसा रिक्षा करून कचेरीत पळालो. कारकून म्हणाला, सुनावणी झाली की फाईल बंद होते, त्यानंतर एक कपटाही घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त वंशावळ घेऊन साहेबांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आत बोलावलं, माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि ‘निर्दोष’ या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही लिहून दिलंत म्हणून मी ठेवून घेतला होता. आता हा दुसरा कागद खरा मानला तर तिसरा कधी येईल?’ मंगळवारी अपील फेटाळलं. बुधवारी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. नवीन अर्ज करता येतो, पण ते सगळं आता पुढच्या वर्षाच्या प्रवेशाला.

तुझं न पाठवलेलं पत्र मी मोठ्यानं वाचलं, मामीपुढे. चौदावं नाव, एक सेकंद. ते खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. दोन जून मला आठवतो. सकाळी गिरवीकर वकील यायचे होते, पंख्याखाली बसलो होतो, यादी लांबलचक होती. जोडी त्याआधी कधी चुकला नव्हता, म्हणून दाबलं. आधी खरंच एकेक वाचायचो गं. मग त्याचं बरोबर यायला लागलं, आणि लोक मला इंजिनियर म्हणायला लागले. वाचायचं कधी सोडलं ते मलाही ठाऊक नाही. गाडी सोडताना पलीकडे माणूस असायचा, तो ओरडायचा, ‘मास्तर, नंबर परत वाचा.’ इथं ओरडणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सुटलो. सगळ्या जगापुढे मी म्हणालो की मी तिघांतला आहे, आणि त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

विहारात गेल्या रविवारी उभा राहून सांगितलं की अपडेटची करणी नव्हती, बटण मी दाबलं. तुझी आई त्या दिवशी पुढच्या रांगेत होती. नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली.

आता तुझं. तू आलीस तर दार उघडं आहे, हे आधी वाच. पण एक गोष्ट मनात ठेवून तुझ्याशी गोड बोलणार नाही. तू मला एकोणतीस जूनला खरं सांगितलं असतंस, तर मी एक दिवस रडलो असतो. दोन दिवस रडलो असतो. मग उठून कागद नीट केला असता, हाताशी आठ दिवस होते. माझं रडणं वाचवायला शिवानीचं वर्ष गेलं. तू मला म्हातारा समजलीस, आणि मी स्वतःला अजून स्टेशन मास्तर समजत होतो. दोघांच्यामध्ये ती पोर सापडली.

तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, तुझंही आणि माझंही. किशन टपालातून नुकताच आला होता, बूट काढता काढता ऐकत राहिला आणि उठून बाहेर गेला. त्यानं माझ्याशी अजून शब्द काढलेला नाही, आणि त्याला मी काय म्हणून दोष देऊ. शिवानीनं पाणी आणून दिलं. विचारलं, ‘आजोबा, बाकीच्या तीस घरांचं काय?’ निशी, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. एकतीस नावं होती. तीस घरांतले तीस म्हातारे मी त्याच एका सेकंदात पुसलेत, त्यांची नातवंडं अजून अर्जाला जायची आहेत.

तेव्हापासून ती रोज सकाळी दहाला येते. जोडी बंद ठेवलाय. जुने कागद समोर घेऊन ती एकेक नाव वाचते, मी परत वाचून दाखवतो, मग ती साल वाचते, मग मी लिहितो. दिवसाला दोन घरं होतात, कधी एकच. काल दुपारचे तीन वाजले, माझेच डोळे शिणले, तर मी म्हटलं, बेटा, तू आता घरी जा, तुझी कामं खोळंबली असतील. ती पुढचा कागद काढत म्हणाली, ‘नाही आजोबा, वाचा तुम्ही. मला आता वर्षभर काही काम नाही.’

तुझा,
श्रीपतीमामा